मोपासाँ आधी की मेरिमे? गूढ, संसार आणि भयाच्या फ्रेंच कथा निवडताना

गी द मोपासाँ हे नाव मराठी वाचकाला नवं नाही. उसना आणलेला हार हरवतो आणि त्याची भरपाई करता करता नवरा-बायकोची दहा वर्षं जातात, ही त्याची कथा अनेकांनी शाळा-कॉलेजात वाचलेली असते. त्यामुळे जुन्या फ्रेंच कथा वाचायच्या म्हटलं की हात आधी त्याच्याच संग्रहाकडे जातो. त्यात गैर काही नाही. पण त्याच्या आधीचा प्रॉस्पेर मेरिमे, त्याच्याच काळात लिहिणारे बार्बे दोर्विली आणि व्हिलिए द लील-आदाँ, आणि बाल्झाकची एक अजोड कथा या सगळ्यांना मग वाचकच मिळत नाही. चौघांचीही धाटणी मोपासाँपेक्षा इतकी वेगळी आहे की सुरुवात चुकीच्या लेखकापासून झाली तर "हे आपल्यासाठी नाही" असं वाटून माणूस सगळंच बाजूला ठेवतो. कोणाला कोणता लेखक मानवेल हे ठरवता यावं म्हणून इथे त्यांच्या कथा जोडीजोडीनं समोरासमोर ठेवल्या आहेत. कथांची शेवटची कळ कुठेही उघड केलेली नाही.

निवड करण्याआधी त्या काळचा कायदा माहीत असलेला बरा, कारण या कथांमधली भीती तिथूनच उगवते. क्रांतीनंतर १७९२ साली फ्रान्समध्ये घटस्फोटाचा कायदा झाला, १८१६ साली तो रद्द झाला आणि पुन्हा मिळायला १८८४ साल उजाडलं. मधली ६८ वर्षं नवरा-बायकोला वेगळं राहता यायचं, पण लग्न मोडून दुसरं करता यायचं नाही. १८०४ च्या नागरी संहितेत बायकोनं नवऱ्याची आज्ञा पाळावी असं कलमच होतं. १८१० च्या दंडसंहितेनुसार बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला तर तिला तीन महिने ते दोन वर्षं कैद. नवऱ्यानं मात्र दुसरी बाई थेट घरात आणून ठेवली तरच गुन्हा, आणि तोही दंडावर भागायचा. राहत्या घरात बायकोला परपुरुषासोबत रंगेहाथ पकडून नवऱ्यानं दोघांना ठार केलं तर तो खून क्षम्य धरला जाई.

हे लक्षात ठेवून वाचलं की या कथांमधली भुतं आणि चालते पुतळे दुय्यम वाटू लागतात. खरी भीती आहे ती मरणाशिवाय सुटका नसलेल्या लग्नाची. आणि आत काय घडलं हे जिला ठाऊक असतं, त्या बाईचं म्हणणं कोणी ऐकून घेत नाही. या पाच लेखकांमधला फरक मला याच ठिकाणी सगळ्यात स्पष्ट दिसतो: बाईला जे माहीत आहे त्याचं प्रत्येकानं काय केलं?

अंगठी आणि हार: मेरिमेची 'ईलची व्हीनस' आणि मोपासाँची 'दागिने'

मेरिमेची 'ला व्हेनस दील' १८३७ सालची. तो तेव्हा फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक होता. १८३४ साली हे पद मिळाल्यावर त्यानं देशभर फिरून पडकी चर्चेस, जुने मठ, रोमन अवशेष यांची पाहणी केली, आणि स्पेनच्या सीमेलगतचा रूसियों हा प्रदेशही त्यात होता. कथेचा निवेदक असाच पुरातत्त्वाचा जाणकार आहे. कानिगू पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ईल या गावी तो पेरोराद नावाच्या हौशी संशोधकाकडे उतरतो. या गृहस्थांना ऑलिव्हच्या झाडाखाली ब्राँझची एक व्हीनस, म्हणजे रोमन प्रेमदेवतेची मूर्ती, सापडली आहे. उभी करताना ती कोसळली आणि एका मजुराचा पाय मोडला. तिच्या चेहऱ्यात सौंदर्य आहे आणि क्रूरताही. बैठकीवर लॅटिनमध्ये कोरलंय: प्रेम करणाऱ्यापासून, किंवा प्रेम करणारीपासून, सांभाळून राहा. यजमान आणि पाहुणा त्या दोन शब्दांच्या अर्थावर वाद घालत बसतात.

घरात लग्नाची गडबड आहे. मुलगा आल्फोंस बांधेसूद, खेळात तरबेज आणि बाकी सगळ्या बाबतीत ठोकळा. होणाऱ्या बायकोबद्दल त्याला सांगण्यासारखं एवढंच की ती चांगली श्रीमंत आहे, मावशीनं सगळी इस्टेट तिला ठेवली आहे. लग्नासाठी काढलेल्या वजनदार खानदानी अंगठीबद्दलही तो आधी हिऱ्यांची किंमत सांगतो, बाराशे फ्रँक. लग्नाच्या दिवशी सकाळी पोम नावाचा चेंडूचा खेळ रंगतो, अंगठी हाताला टोचते, म्हणून तो ती काढून जवळच्या व्हीनसच्या बोटात घालतो, सामना जिंकतो आणि वरातीच्या घाईत विसरून जातो. मग नवरीच्या बोटात तो दुसरीच अंगठी सरकवतो, पॅरिसमधल्या एका बाईनं कधीतरी दिलेली.

एवढ्या एका तपशिलात त्या लग्नाची सगळी किंमत कळते. मेरिमे त्यावर एक अक्षर बोलत नाही, कुठे आवाज चढवत नाही. रात्री आल्फोंस पांढराफटक होऊन निवेदकाला सांगतो की अंगठी निघत नाही, पुतळ्यानं बोट मिटून घेतलंय. निवेदकाला वाटतं गडी प्यायलाय. बाहेर पाऊस धो धो पडतोय, म्हणून तो बघायलाही जात नाही. पुढे त्या रात्री काय होतं हे वाचूनच कळावं. एवढंच सांगेन की खोलीत घडलेलं पाहणारी साक्षीदार एकच, नवी नवरी. ती जे पाहिलं ते स्पष्ट सांगते आणि ती वेडी झाली असं सगळ्यांचं ठरतं. दरम्यान मेरिमेनं संशयाला दुसरी वाटही ठेवलेली असते: सामन्यात हरलेला एक स्पॅनिश खेळाडू, ज्यानं जाता जाता "याचा बदला घेईन" अशी धमकी दिली होती. सरकारी वकील त्या वाटेनं जातो. वाचकानं कोणत्या वाटेनं जायचं हे मेरिमे सांगत नाही, आणि दोन्ही वाटा शेवटपर्यंत शाबूत ठेवण्याचं त्याचं कसब मला या सगळ्या कथांमध्ये सर्वांत वरचं वाटतं.

आता मोपासाँची 'ले बिजू', म्हणजे 'दागिने', १८८३ साली वर्तमानपत्रात आलेली. इथे पुतळा नाही, वादळ नाही. पॅरिसमध्ये गृहखात्यातला एक कारकून आहे, लांतें. वर्षाला पगार साडेतीन हजार फ्रँक. बायको गोड स्वभावाची, घर असं चालवणारी की तेवढ्या पगारात ऐश्वर्य वाटावं. तिचे दोनच शौक त्याला खटकतात, नाटकं आणि खोटे दागिने. संध्याकाळी चहाच्या वेळी ती दागिन्यांची पेटी काढून खोटे मोती बोटांवर खेळवत बसते आणि तो तिला समजावतो की खरे दागिने परवडत नसतील तर बाईला तिचं रूप पुरेसं आहे. एका हिवाळ्यात ऑपेराहून येताना तिला थंडी बाधते आणि आठवड्याभरात ती जाते. महिन्याभरात त्याचे केस पांढरे होतात.

मग कथा पैशावर येते. तिच्या हातात जो पगार पुरून उरत होता तो आता एकट्यालाही पुरत नाही. इतकी चांगली वाइन, इतके चांगले पदार्थ ती आणत कशी होती? खिशात दमडी नाही, म्हणून तो तिचा एक खोटा हार विकायला काढतो. सहा-आठ फ्रँक आले तरी खूप, असा हिशोब. सोनार भिंगातून बघतो, तोलतो, आणि आकडा सांगतो. शेवटी त्या एका हाराचे अठरा हजार फ्रँक मिळतात, म्हणजे पाच वर्षांच्या पगाराहून जास्त. आणि पेटीत अजून बरंच आहे.

मोपासाँनं स्वतः आधी नौदल खात्यात आणि मग शिक्षण खात्यात नोकरी केली होती. साडेतीन हजारांत महिना कसा ओढायचा असतो हे त्याला कागदावर मांडायची गरज नव्हती, ते हाडात होतं. म्हणूनच या कथेत बायकोच्या गुपितापेक्षा नवऱ्याच्या मनातला बदल जास्त धक्का देतो. दुकानाबाहेर तो लाजेनं लाल होतो, वळतो, पुन्हा येतो, पुन्हा वळतो. शेवटी पोटातली भूक त्याला आत ढकलते. त्यानंतर दर अर्ध्या पानाला त्याची मान थोडी थोडी वर होत जाते. शेवटची दोन-तीन वाक्यं इतकी साधी आहेत की घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतील. पण सगळी कथा त्यांच्यासाठीच लिहिली आहे.

दोन्ही कथांमध्ये लग्नाची किंमत फ्रँकमध्ये मोजली जाते. फरक असा की मेरिमेची नवरी बोलते आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, तर मोपासाँची बायको काही बोलायच्या आतच मरून जाते. तिच्याकडे दागिने कसे आले याचा अंदाज सोनारांना येतो, नवऱ्याला येतो, आपल्यालाही येतो, पण तिची बाजू कोणालाच कळत नाही. प्रेम होतं का? होतं असंच वाटतं, आणि तेच जास्त अस्वस्थ करतं.

निवडायचं तर: वातावरण, हळूहळू चढणारा ताण आणि शेवटी दोन शक्यतांमध्ये अडकून राहणं आवडत असेल तर मेरिमे. माणूस पैशासमोर कसा वाकतो हे सात-आठ पानांत बघायचं असेल तर मोपासाँ. कोणी फक्त एकच कथा वाचणार असेल तर त्याच्या हातात मी व्हीनस देईन.

घरातलं तिसरं माणूस: बाल्झाक आणि बार्बे दोर्विली

'ला ग्रांद ब्रेतेश' ही बाल्झाकची कथा १८३० च्या दशकातली. बाल्झाक म्हटलं की जाडजूड कादंबऱ्या आठवून वाचक दचकतात, पण ही तासाभराची गोष्ट आहे. व्हाँदोम गावाबाहेर एक ओसाड वाडा आहे. मालकिणीनं मृत्युपत्रात लिहून ठेवलंय की आपल्या मरणानंतर पन्नास वर्षं कोणी आत पाऊल टाकायचं नाही, साधी दुरुस्तीही करायची नाही. डॉक्टर बियांशाँ त्या पडक्या बागेत फिरायला जातो आणि त्याचं कुतूहल चाळवतं. मग नोटरीकडून थोडं, खानावळवाल्या बाईकडून थोडं आणि शेवटी त्या घरातल्या जुन्या मोलकरणीकडून उरलेलं, अशी गोष्ट तुकड्यातुकड्यानं जोडली जाते.

गाभा अगदी छोटा आहे. एका रात्री नवरा, मस्य द मेरे, नेहमीपेक्षा उशिरा घरी येतो आणि न कळवता बायकोच्या खोलीकडे जातो. आतल्या लहान कोठडीचं दार मिटल्याचा आवाज त्याला येतो. आत कोणी आहे का? बायको म्हणते, नाही. दार उघडून बघितलंत आणि आत कोणी सापडलं नाही तर आपलं नातं संपलं, असंही ती सुनावते. नवरा दार उघडत नाही. तो तिच्यापुढे क्रूस धरतो आणि आत कोणी नाही अशी शपथ घ्यायला लावतो. ती घेते. मग तो गवंड्याला बोलावणं पाठवतो.

पुढचं कळायला फार डोकं लागत नाही, तरी वाचताना श्वास अडकतो. कायद्यानं त्या नवऱ्याच्या हातात तलवार दिली होती. दार उघडून त्यानं दोघांना कापलं असतं तरी न्यायालयानं त्याला जवळपास सोडून दिलं असतं. त्याला ते नको आहे. त्याला हवी आहे बायकोची शपथ, तिच्याच तोंडून निघालेली, आणि त्या शपथेचाच तो कुलूप म्हणून वापर करतो. माणसाला भिंतीत चिणण्याची जी इंग्रजी कथा जगभर गाजली, एडगर अ‍ॅलन पोची, ती १८४६ सालची. बाल्झाकची त्याहून जुनी आहे. आणि माझ्या मते जास्त भयानकही, कारण पोच्या कथेत सूड घेणारा काम संपवून निघून जातो. इथे नवरा खोलीतच मुक्काम ठोकतो.

याच्या शेजारी बार्बे दोर्विलीची 'ल बोनर दाँ ल क्रिम', म्हणजे 'गुन्ह्यातलं सुख' ठेवली की गंमत दिसते. हीसुद्धा डॉक्टरच्या तोंडून आलेली गोष्ट. पॅरिसच्या 'जार्दें दे प्लांत' या बागेत काळ्या बिबट्याच्या मादीच्या पिंजऱ्यासमोर एक देखणं, काळ्या कपड्यांतलं जोडपं उभं आहे. ती बाई हातमोजा काढते, गजांमधून हात घालते आणि मोज्यानं त्या जनावराच्या तोंडावर फटकारते. डॉक्टर तोर्ती त्यांना ओळखतो आणि त्यांची हकिगत सांगू लागतो. नॉर्मंडीतल्या एका सरदारी गावात तलवारबाजी शिकवणाऱ्याची मुलगी, ओतक्लेर. बापानंतर स्वतः तालीम चालवणारी. सरदार साव्हिन्यी तिच्याकडे शिकायला येतो आणि एके दिवशी ती गावातून नाहीशी होते. काही काळानं डॉक्टर त्या सरदाराच्या गढीवर त्याच्या आजारी बायकोला तपासायला जातो, आणि दाराशी मोलकरणीच्या वेषात कोण उभं असतं हे सांगायला नको.

बाल्झाकच्या घरात तिसरं माणूस कोठडीत लपतं, बार्बेच्या घरात ते उजेडात वावरतं, औषधं आणून देतं, शिवणकाम करतं. सरदाराच्या बायकोला शेवटी सगळं उमगतं. ती डॉक्टरला खरं काय ते सांगते, पण त्याचबरोबर गप्प राहण्याचं वचन घेते. नवऱ्यावर दया आहे म्हणून नव्हे, गावात खानदानाचं नाव जाऊ नये म्हणून. मरताना तिला न्याय नको, अब्रू हवी. आपल्याकडच्या 'घरचं बाहेर जाता कामा नये' या शिकवणीत वाढलेल्या कोणालाही हा प्रसंग परका वाटणार नाही.

आणि मग बार्बे जे करतो ते त्या काळी कोणालाच पचलं नाही: तो पापाला शिक्षा देत नाही. डॉक्टर वर्षानुवर्षं त्या जोडप्यावर नजर ठेवून असतो, कुठे पश्चात्ताप दिसतो का, भांडण होतं का, चेहऱ्यावर सावली पडते का. हे पाहणंच कथेचा उत्तरार्ध आहे. 'ले द्याबोलिक' हा सहा कथांचा संग्रह १८७४ साली निघाला, अनीतीच्या आरोपावरून त्याच्या प्रती जप्त झाल्या आणि पुन्हा छापला जायला १८८२ साल उजाडावं लागलं. गंमत म्हणजे बार्बे कट्टर कॅथलिक होता. सैतान खरा आहे हे पटवायला आपण या कथा लिहिल्या, अशी त्याची भूमिका होती आणि ती त्यानं मनापासून मांडली होती.

बार्बेबद्दल सावध करायला हवं. तो लांबण लावतो. मूळ गोष्टीला येण्याआधी सांगणारा कोण, ऐकणारे कोण, कोणत्या दिवाणखान्यात, कोणत्या ऋतूत, याला पानंच्या पानं जातात. वाक्यं पल्लेदार, मध्येच सरदार घराण्यांच्या जुन्या आठवणी. मोपासाँची सवय झालेल्या वाचकाला पहिल्या दहा पानांतच कंटाळा येईल. पण कोणाला ऐसपैस सांगितलेली, थांबत-वळत जाणारी गोष्ट आवडत असेल तर त्याच्यासारखा दुसरा नाही. दोघांत बाल्झाक आधी घ्यावा. कमी वेळात जास्त देतो, आणि डॉक्टरनं सांगितलेल्या गोष्टीची चव कळली की बार्बे जड जात नाही.

मेलेलीवरचं प्रेम: व्हिलिए आणि पुन्हा मोपासाँ

व्हिलिए द लील-आदाँची 'व्हेरा' १८७४ सालची, पुढे १८८३ च्या 'काँत क्र्युएल' या संग्रहात आलेली. काउंट दातोल बायकोला थडग्यात ठेवून बाहेर येतो, दार लावतो आणि थडग्याची चांदीची किल्ली आतच टाकून देतो. पुन्हा तिथे जाण्याची गरज नाही, कारण ती मेली हेच त्याला मान्य नाही. म्हातारा नोकर रेमों आधी आज्ञा म्हणून दोघांचं ताट वाढतो. मग हळूहळू त्यालाही मालकीणबाई आहेत असं वाटू लागतं. वर्ष असंच जातं. ही कथा काय होतं यासाठी वाचायची नाही. उशीवरचा रुमाल, पियानोवर उघडं असलेलं पुस्तक, अजून उबदार वाटणारे मोती अशा वस्तूंमधून गैरहजर माणूस कसा तयार होतो, यासाठी वाचायची. भाषा कवितेच्या जवळ जाणारी आहे, त्यामुळे भाषांतर सुमार असलं की सगळं ओसरतं.

मोपासाँची 'ला मोर्त' (१८८७) जणू त्याचं उत्तर आहे, त्यानं तसं ठरवलं असो वा नसो. इथे बायको नाही, प्रेयसी आहे. एका पावसाळी संध्याकाळी ती भिजून घरी आली, खोकला झाला आणि गेली. शोकानं वेडापिसा झालेला तरुण रात्री स्मशानात लपून राहतो. मध्यरात्री थडगी उघडतात आणि मेलेली माणसं आपापल्या शिळेवरची प्रेमळ, सत्यवचनी, आदर्श पिता अशी विशेषणं पुसून खरं काय ते बोटानं लिहू लागतात. तो तिच्या थडग्याकडे धावतो. सगळी कथा चार-पाच पानांची. व्हिलिएच्या काउंटला बायको परत हवी असते, म्हणून ती त्याला हवी तशी भेटते. मोपासाँच्या नायकाला मेलेली बाई स्वतःच्या हातानं लिहिलेलं वाचायला देते. या सगळ्या कथांमध्ये बाईचं म्हणणं विनाअडथळा पोचतं ते बहुधा एवढ्या एकाच ठिकाणी, आणि त्यासाठी तिला आधी मरावं लागतं.

मला यात मोपासाँ उजवा वाटतो, पण शोकातून गेलेल्या माणसाला मी व्हिलिए देईन. त्याच्या कथेत माणसाच्या वेड्या हट्टाबद्दल आदर आहे. याच वळणावर तेओफिल गोतिएची 'ला मोर्त आमुरझ' (१८३६) उभी आहे: दिवसा धर्मगुरू आणि रात्री एका रक्तपिपासू सुंदरीचा प्रियकर. देखणी कथा आहे, पण भीती कमी आणि मखमल जास्त. लाफ्काडियो हर्ननं १८८२ साली केलेलं तिचं इंग्रजी भाषांतर आजही वाचनीय आहे.

या लेखकांच्या चरित्रात एक गोष्ट ठळक दिसते. मेरिमे, बार्बे आणि मोपासाँ या तिघांनीही लग्न केलं नाही. बाल्झाकनं मार्च १८५० मध्ये केलं आणि ऑगस्टमध्ये तो गेला. व्हिलिएनं १८८९ साली मरणशय्येवर केलं, मुलाला कायदेशीर नाव मिळावं म्हणून, मालार्मे आणि ह्युईसमान्स या मित्रांच्या आग्रहावरून. म्हणजे संसाराची ही सगळी चिरफाड उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या पुरुषांनी केलेली आहे. कथांमधल्या बायकांना स्वतःचा आवाज का नाही, याचं एक कारण इथेही असावं.

मन बिघडण्याच्या कथा हव्या असतील तर

मग फार तुलना करावी लागत नाही, मोपासाँच. 'ल ओर्ला' १८८६ साली एकदा आणि १८८७ साली रोजनिशीच्या रूपात पुन्हा लिहिली गेली, रोजनिशीचीच वाचावी. रात्री उशाशी ठेवलेलं पाणी कोणीतरी पिऊन जातं, असं तिच्यात घडू लागतं. मोपासाँला सिफिलिस होता, जानेवारी १८९२ मध्ये त्यानं आत्महत्येचा प्रयत्न केला आणि ६ जुलै १८९३ रोजी पॅरिसमध्ये पासी इथल्या डॉक्टर ब्लांशच्या रुग्णालयात तो गेला. पण ही कथा केवळ आजाऱ्याची नोंद समजून वाचू नये. तिची बांधणी पूर्ण शुद्धीवरच्या कारागिराची आहे. तिच्या आधी 'ल्युई?' (१८८३) वाचली तर उत्तम. तिच्यातला माणूस लग्न करायला निघालाय, आणि कारण एवढंच की रात्री रिकाम्या घरात त्याला खुर्चीत कोणीतरी बसलेलं दिसतं आणि त्याला एकटं झोपवत नाही. मेरिमेची 'लोकिस' (१८६९) ही या गटातली दुसरी बाजू: लिथुआनियातला काउंट, त्याच्या आईवर झालेला अस्वलाचा हल्ला आणि एक लग्नाची रात्र. व्हीनसपेक्षा मला ती किंचित खालची वाटते, कारण काय होणार याचा अंदाज फार लवकर येतो.

ज्यांना गूढ म्हणजे शेवटी उलगडणारं कोडं हवंय त्यांनी या पाचही जणांच्या वाटेला जाऊ नये, हिरमोड होईल. त्यांच्यासाठी मोरिस लब्लांचा आर्सेन ल्युपँ आहे, १९०५ साली मासिकातून आलेला सभ्य चोर. पहिल्या नऊ कथांचं पुस्तक १९०७ चं. चपळ आणि रंजक आहे, मात्र संसार आणि मृत्यू यांच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही.

मिळवण्याबद्दल थोडं. या सगळ्यांचे प्रताधिकार केव्हाच संपले आहेत, त्यामुळे मूळ फ्रेंच आणि जुनी इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट मिळतात. मराठीत मोपासाँचे अनुवाद आणि रूपांतरं बरीच आहेत; रूपांतर असेल तर पॅरिसचं पुणं झालेलं असतं आणि फ्रँकचे रुपये, आणि त्यात वर सांगितलेला कायद्याचा पेच निसटतो, म्हणून शक्य असेल तिथे अनुवाद घ्यावा. मोपासाँची फुकटातली जुनी इंग्रजी 'समग्र' आवृत्ती उतरवून घेताना विशेष काळजी घ्या. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत निघालेल्या अशा संचांमध्ये त्याच्या नसलेल्या डझनावारी कथा त्याच्या नावावर घुसडल्या गेल्या आणि त्या अजूनही फिरत आहेत. एखादी कथा फारच गुळगुळीत किंवा उगाच चावट वाटली तर तिचं मूळ फ्रेंच शीर्षक सापडतं का ते आधी तपासा. 'दागिने' ही कथा इंग्रजीत 'द फॉल्स जेम्स' आणि 'द ज्वेल्स' अशा दोन्ही नावांनी सापडते; हाराची प्रसिद्ध कथा वेगळी, ती १८८४ ची.

क्रम विचाराल तर एका सुट्टीच्या दिवशी 'ईलची व्हीनस' सलग, मध्ये न उठता. त्यानंतर रोज एक याप्रमाणे मोपासाँ: 'दागिने', 'ला मोर्त', 'ल्युई?' आणि शेवटी 'ल ओर्ला'. मग बाल्झाकचा वाडा. इथवर मजा आली असेल तर बार्बेचं पुस्तक घ्या, आणि त्यात 'गुन्ह्यातलं सुख' आधी वाचा, पुस्तकातला क्रम पाळू नका. व्हिलिएला मात्र ठरलेली जागा नाही. इंग्रजी भाषांतराचं पहिलं पान वाचून बघा. वाक्यांना लय असेल तर पुढे जा, नसेल तर दुसरं भाषांतर शोधा.